जाळीला मी टाके म्हणाले

पुरुष वाचकांना पहिल्या ओळीतच सांगते, पान उलटू नका. पुढं बायकांच्या ओटीपोटाविषयी लिहिलंय, पण त्या बायका तुमच्याच घरातल्या आहेत. संपादकांनी माझ्याकडं दवाखान्यातल्या गमती मागितल्या होत्या. त्या आहेतच, एकदोन देते. बाकीची माझी एक चूक आहे. ती मी आजवर पुष्कळ घरांच्या ओसरीवर बसून तोंडानं सांगितली, आता कागदावर सांगते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सिस्टर होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आधी बाळंतपणाचा वॉर्ड, मग बरीच वर्षं ऑपरेशन थिएटर, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर शेवटी बायकांची ओपीडी. आमच्याकडं एक आजार रोज यायचा. बायका त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. बाईच्या ओटीपोटात खाली स्नायूंची एक झोळी असते. गर्भपिशवी, लघवीची पिशवी, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. लागोपाठ बाळंतपणं झाली, बाळंतीण दुसऱ्या आठवड्यात डोक्यावर हंडा घेऊन निघाली, वर वर्षानुवर्षं उसाच्या मोळ्या उचलल्या, की बाजेची सुतळी सैल पडावी तशी ही झोळी सैल पडते आणि वरचं खाली उतरतं. उठताबसता हाताला गोळा लागतो. लघवी तुंबते, नाहीतर थांबत नाही.

त्यावर सगळ्यांत साधा इलाज म्हणजे रिंग. रबरासारख्या मऊ पदार्थाची ती रिंग आत बसवली की अंग वर तोलून धरते. मधूनमधून काढून धुवायची आणि परत बसवायची. जळकोटची एक मामी रिंग बसवून खुशीत गेली आणि तिसऱ्या महिन्यात रडकुंडीला येऊन दारात उभी.

"शेळीनं खाल्ली ओ शिष्टर!"

"काय खाल्ली?"

"रिंग! धुऊन वाळत ठिवली व्हती."

"अहो मामी, तुम्हाला सांगितलं होतं ना, सावलीत ठेवा म्हणून."

"सावलीतच ठिवली व्हती की. शेळीबी सावलीतच बसती."

डॉक्टर आत तोंडाला रुमाल लावून हसत होते. मामीला दुसरी रिंग दिली. जाताना तिनं शेळीला काही होणार नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं. स्वतःची चौकशी एकदाच केली होती.

रिंग सगळ्यांना पुरत नाही. मग ऑपरेशन. पिशवी काढायची आणि सैल पडलेलं आतून शिवून घ्यायचं. पण फाटक्या कापडाला किती टाके घालणार? काही बायकांचं अंग दोनतीन वर्षांत परत उतरायचं. तेव्हा जाळी आली. मच्छरदाणीसारखी बारीक विणीची, प्लॅस्टिकच्या धाग्याची पांढरी जाळी. ती आतून लावायची. तिच्या भोकांतून मांस वाढतं, ती अंगात मुरते आणि वरचा भार धरते. आमचे मोठे डॉक्टर पुण्याला जाऊन हे शिकून आले. हात सफाईदार होता त्यांचा. आम्हाला सगळ्यांनाच अभिमान वाटला, मला जरा जास्तच.

पहिली जाळी तेरखेड्याच्या एका बाईला बसवायची ठरली. फटाक्यांच्या कामावर जाणारी बाई. थिएटरात आल्याआल्या तिनं चौफेर नजर फिरवली आणि विचारलं, "भायेर पळायला दुसरं दार कुठंय?" मी दाखवलं तेव्हा कुठं टेबलावर चढली. मग डॉक्टरांनी आपलं सरळ सांगितलं, की प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी आत बसवणार आहोत. बाई ताडकन उठून बसली.

"आमच्यात नायलॉनची साडी नेसून कामावर येऊ देत न्हाईत. पेटली की अंगाला चिकटती. अन् तुमी आतच घालायलाव व्हय?"

कितीही समजावलं तरी बाई थांबली नाही. हिरवा गाऊन तसाच अंगावर ठेवून तिनं बाहेर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. गाऊन दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून परत आला. बाई आली नाही.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भाषेत समजावत चला जरा यांना."

आणि मी समजावलं! पुढच्या बाईला मी जाळी हा शब्दच सांगितला नाही. "मावशी, आतून पक्के टाके घेणार आहेत, आयुष्यभर उसवायचे नाहीत," असं म्हणाले. मावशी खूश, अंगठा दिला. संमतीच्या कागदावर 'कृत्रिम जाळी' असं छापलेलं होतं, ती ओळ मी भरभर वाचायचे. मग हेच वाक्य माझ्या तोंडात बसलं. कुणी घाबरेना, कुणी पळेना. बायकांना कसं समजवावं ते सुमन सिस्टरकडून शिका, असं नव्या पोरींना सांगायचे सगळे. मीही फुगायचे.

दुसरी गोष्ट स्टिकरची. जाळीच्या खोक्यात तीन स्टिकर येतात. त्यांच्यावर जाळीचा प्रकार आणि नंबर असतो. एक फाईलीत, एक थिएटरच्या रजिस्टरात आणि एक पेशंटच्या कार्डावर लावायचा, म्हणजे पुढं कुठल्याही दवाखान्यात गेली तरी आत काय आहे ते कळावं. पण आमच्या बायका कार्डाचं काय करतात? पावसात भिजवतात, नाहीतर त्याच्यात मिसरी बांधतात. म्हणून मी पेशंटचा स्टिकरही रजिस्टरातच लावायचे. सरळ ओळीत, नावापुढं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते रजिस्टर हातात घेऊन वाखाणलं होतं. बाईच्या हातात मात्र इंग्रजीत खरडलेलं कार्ड जायचं आणि डोक्यात माझं वाक्य.

कौसाबाईचं ऑपरेशन असंच झालं. ढोकीच्या पलीकडं तिची वस्ती. चार म्हशी, थोडा ऊस, घरात सासू, दोन जावा. कौसाबाई हे तिचं खरं नाव नाही. मी लिहिणार म्हटल्यावर हे नाव तिनंच निवडून दिलं. मला तिचं ऑपरेशन आठवतही नव्हतं. टोपी आणि मास्कच्या वर माझे डोळे तेवढे तिनं पाहिलेले, त्यामुळं मीही तिला आठवत नव्हते.

पाच वर्षांनी ती आमच्या ओपीडीत आली. तोवर मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे आणि एक नव्या डॉक्टरबाई रोज बघायच्या. कौसाबाईच्या पिशवीत तीन वर्षांचे कागद होते. लातूर, बार्शी, कुठं कुठं जाऊन आलेली. गर्भपिशवी काढलेली असूनही अंगावरून पाणी जायचं, रक्ताचा डाग लागायचा. बसलं की आत टोचायचं. कुणी जंतू झाले म्हणून गोळ्या दिल्या, कुणी कॅन्सर तपासायला लावला. तो नव्हता. ऑपरेशन आमच्याकडचंच, पण जुनी फाईल सापडली नव्हती.

डॉक्टरबाई तपासत होत्या आणि मी दिवा धरून उभी होते. त्यांना आत एक लाल मांसाचा कोंब दिसला. त्यांनी विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी आत काही बसवलं होतं का? जाळी वगैरे?"

"न्हाय ओ बाई," कौसाबाई म्हणाली. "आतून पक्के टाके घेतल्यात. आयुष्यभर उसवायचे न्हाईत, असं थेटरातल्या सिस्टरनं सांगितलं व्हतं."

शब्द न् शब्द माझा. माझ्या हातातला दिवा हलला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, नीट धरा." मी नीट धरला आणि गप्प राहिले. आज इतकं ठणकावून लिहिते आहे, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, नाव चांगलं होतं, आणि कदाचित हिला जाळी घातलीच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कौसाबाई गोळ्या घेऊन गेली. दारापर्यंत पाय फाकवून, हळूहळू चालत गेली. ते मी पाहिलं, तरी गप्प राहिले. याची मला शरम वाटते, अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी थिएटरात गेले आणि जुनं रजिस्टर काढलं. तिचं नाव होतं. पुढं दोन स्टिकर, सरळ ओळीत.

डॉक्टरबाईंसमोर रजिस्टर उघडून ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "काल तुम्ही दिवा धरून इथंच उभ्या होतात ना?"

"होते."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग त्यांनी मला नीट समजावलं. काही बायकांत जाळी आक्रसते, वरची कातडी पातळ होते आणि जाळीची कड बाहेर डोकावते. मग ती टोचते, भवतालचं मांस चिघळतं, पाणी जातं. वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या तरी जात नाही, कारण काटा आतच असतो. आणि काढायची म्हटली तर ती अंगात मुरलेली असते. सगळ्यांना असं होत नाही. कितीतरी बायका जाळी घेऊन ठणठणीत हिंडतात. पण जिला होतं तिला काय झालंय हे कळण्याची एकच वाट असते, आत जाळी आहे हे तिला ठाऊक असणं. ती वाट मी बुजवली होती.

कार्डावरचा फोन लागेना. रविवारी मी एसटीनं ढोकीला गेले आणि पुढं जीपनं वस्तीवर. कारखाना सुरू होता. उसाच्या ट्रॅक्टरांमागून जीप रांगत चालली होती आणि मी आपली वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

कौसाबाई अंगणात एका बाजूला बसली होती. तिचं ताट, तांब्या, गोधडी, सगळं वेगळं. मला वाटलं पाळी असेल, मग आठवलं, हिची तर पिशवीच काढलीय. सासूनं न विचारता खुलासा केला.

"डाग दिसायलाय तवर चुलीला शिवायचं न्हाय, देवाला शिवायचं न्हाय. तीन वर्सं घट बसवायला हात लावला न्हाय तिनं. पिशवी काडली तरी इटाळ फिटंना, ह्ये काय चांगल्या बाईचं लक्षण हाय व्हय? बेस्तरवारी भाऊ यायलाय न्यायला. ऱ्हाऊ दे म्हायेरालाच."

म्हणजे गुरुवारी कौसाबाईचं घर सुटणार होतं. नवरा दावणीपाशी म्हशीला चारा टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी कौसाबाईच्या समोर जमिनीवर बसले. "बाई, तुमच्या ऑपरेशनला मी होते. तुमच्या आत जाळी आहे. प्लॅस्टिकची. ती वर आलीय, म्हणून टोचतंय, म्हणून डाग. तुम्हाला कुठलाही रोग नाही, विटाळ नाही. टाके असं जिनं सांगितलं ती मी. खोटं सांगितलं."

 मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"तीन वर्सं," ती म्हणाली. "तीन वर्सं म्या सोताला नासकी समजले. मालक जवळ यीनात. त्यांना टोचायचं, मला रगत. माझ्यातच कायतरी सडलंय असं वाटायचं. अन् तुमाला ठावं व्हतं?"

"रजिस्टरात होतं."

"रजिस्टराला काय करू म्या? जाळू?"

 ती उठली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि घराकडं तोंड करून ओरडली, "ओ जाऊबाई! भायेर या. धाकले, तूबी ये. आत्या, इकडं बसा." मग मला म्हणाली, "माझ्या एकटीला सांगून काय उपेग? आता सांगा. सगळ्यांम्होरं. मघा सांगितलं तसंच."

मंत्र्यांच्या भेटीत मी न चुकता भाषण केलंय. त्या अंगणात पहिलं वाक्यच दोनदा चुकलं. तीन बायका, एक नवरा आणि चार म्हशी यांच्यासमोर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नवरा चारा तसाच ठेवून पुढं आला. तो म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं व्हतं, हिच्यातच कायतरी वंगाळ..." आणि थांबला.

"काय वाटलं होतं?"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? बायकोला काय होतंय हे तीन वर्षांत एकदा तरी विचारलंत?" माझा तोल गेला. खरं तर रागवायचा हक्क मला नव्हता. कौसाबाईनं हातानंच मला गप्प केलं.

सासू मात्र हलली नाही. "सिस्टर तिच्या बाजूनं बोलायलीय. जाळी म्हनं! म्या न्हाय बगितली जाळी."

"दाखवते," कौसाबाई म्हणाली. "भावाला सांगा, बेस्तरवारी म्हायेराला न्हाय, दवाखान्यात चल म्हणावं."

जाळी काढायची सोय आमच्याकडं नव्हती. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, आणि त्यांना आधीच्या ऑपरेशनची पूर्ण माहिती हवी होती. मी मोठ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"टाके म्हणा असं मी सांगितलं नव्हतं, सिस्टर."

"नव्हतं, साहेब. पण मी म्हणताना तुम्ही ऐकत होतात."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी कागद ओढला आणि दोन पानं स्वतःच्या हातानं लिहून दिली. मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, रजिस्टरात अजून नावं आहेत, साहेब. ते वैतागले. जुनं कशाला उकरताय, जिला त्रास नाही तिला उगाच घोर लावाल, दवाखान्याचं नाव जाईल, सगळं बोलून झालं. मी म्हटलं, मग मी निवृत्त झाल्यावर सांगते, तेव्हा मला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, चिठ्ठ्या तयार करा, सह्या करतो. माणूस वाईट नव्हता. आम्ही दोघंही वाईट नव्हतो, आणि तरी हे झालं होतं.

रजिस्टरातून चार पानं भरून नावं निघाली. कौसाबाईला सोलापूरची तारीख मिळेपर्यंत आणि नंतरही मी रविवारी चिठ्ठ्या घेऊन हिंडले. चिठ्ठीवर मराठीत एवढंच, की या बाईंच्या शरीरात जाळी आहे, अमुक प्रकारची, अमुक नंबरची, आणि असा त्रास झाला तर दाखवा. एक मावशी चिडून म्हणाली, "बरी व्हते की म्या! आता झोप लागंना, कशाला सांगितलंत?" तिचंही बरोबर होतं. एकीच्या दारात गेले तर फोटोला हार होता, आजार दुसराच. आणि दोघी अशा निघाल्या, की चिठ्ठी वाचून होण्याआधीच दार लावून घेतलं आणि कुजबुजल्या, "मलाबी टोचायलंय." त्या दोघींनाही डॉक्टरबाईंकडं आणलं. एकीचं मलमावर भागलं, दुसरीला सोलापूरची चिठ्ठी लागली.

सोलापूरला कौसाबाईबरोबर तिचा नवरा आला आणि मी गेले. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की सगळी निघणार नाही, मूत्राशयाला चिकटलेला भाग सोडावा लागेल, कदाचित दुसरं ऑपरेशन लागेल, आणि अंग परत उतरूही शकतं. कौसाबाईनं प्रत्येक वाक्याला "पुढं?" म्हणून विचारलं. मग म्हणाली, "कळलं. काडा."

दुसरं ऑपरेशन खरंच लागलं. आजही तिला बसताना चमक येते. हे मी लपवणार नाही. पण पाणी थांबलं, डाग थांबला. पहिल्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिनं आधी काय मागितलं असेल, तर निघालेली जाळी. डॉक्टर म्हणाले ती तपासायला जाते. "निम्मी तपासा," ती म्हणाली. "निम्मी माझी हाय." एवढासा तुकडा त्यांनी औषधाच्या पाण्यात घालून छोट्या बाटलीत दिला.

घरी आल्यावर आठवड्यानं मी टाके बघायला वस्तीवर गेले. खरेखुरे टाके. कौसाबाई माझीच वाट बघत थांबली होती. तिनं जावांना बोलावलं, सासूच्या समोर बाटली ठेवली.

"ह्यो घ्या आत्या माझा इटाळ. बगा."

म्हातारीनं बाटली उचलली, उजेडाला धरली. आत नखाएवढे दोन तुकडे, कडेला दोरे निघालेले. ती फिरवून फिरवून बघत राहिली.

"येवढ्याश्यानं?"

"व्हय. येवढ्याश्यानं."

 मग म्हातारीनं जावांना चहाचं बघायला आत पिटाळलं. त्या गेल्यावर तिनं माझ्याकडं तोंड केलं. सुनेकडं बघायचं टाळत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "शिष्टर, माझंबी अंग भायेर यायलंय. धाकट्याच्या बाळंतपणापसनं."

धाकटा म्हणजे कौसाबाईचा दीर. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

मी कौसाबाईकडं पाहिलं. तिला आता काय वाटेल ते बोलायचा हक्क होता. तिचा चेहरा ताठ झाला.

"चाळीस वर्सं तुमी सोसलं, आत्या. अन् माझ्या तीन वर्साला नावं ठिवली व्हय?"

   मग कौसाबाईनं सासूच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण घट्ट पिळलं.

"उद्या चला दवाखान्यात. म्या येते संगट. पण आत काय बसवणार अन् ते कशाचं हाय, ते आधी इचारायचं, हातात घिऊन बगायचं, कार्डावर मराठीत लिवून घ्यायचं. ही सिस्टर असू दे न्हायतर डाक्टर असू दे. लिवल्याबिगर म्या तुमाला टेबलावर चढू देणार न्हाय."